शॉर्ट सर्किट हे कारण नव्हे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा ‘शाळेच्या इतिहासावर काही लिहा’ अशी त्यांची साहजिक अपेक्षा होती. इतिहास हा माझा विषय, एम.ए. त्यातच केले आणि वर्गात शिकवले तेही तेच. परंतु शाळेच्या स्थापनेविषयी माझ्याहून अधिकारी माणसे या अंकात लिहीत आहेत. डॉक्टर, तहसीलदार, प्राध्यापक, पोलीस उपनिरीक्षक झालेल्या माजी विद्यार्थ्यांची छायाचित्रांसह यादीही येणारच आहे, आणि तिचा अभिमान मलाही आहे. मला लिहायचे आहे ते त्या यादीत सहसा न येणाऱ्या मुलांच्या कामाविषयी. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडून ज्यांनी आयटीआयमध्ये वीजतंत्री वा तारतंत्री हा व्यवसाय शिकला, आणि जे आज गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरीच्या बाजारपेठांतील दुकाने, लॉज, दवाखाने आणि राईस मिलची विजेची यंत्रणा सांभाळतात, त्यांच्याविषयी. त्यांचे काम नीट झाले तर काहीच घडत नाही. जे घडले नाही त्याची बातमी होत नाही, सत्कार तर दूरच.

बातमी होते ती दुसऱ्या गोष्टीची. २१ डिसेंबर २०१६ च्या पहाटे गोंदिया शहरातील एका हॉटेलला आग लागली आणि सात माणसे गेली. त्यानंतर चार वर्षांनी, ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशू दक्षता कक्षात आग लागली. कक्षात सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. आपला जिल्हा १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता, त्यामुळे ती घरे आपल्याला परकी नव्हती. आपल्या राज्यात ११ ते १७ जानेवारी हा विद्युत सुरक्षा सप्ताह म्हणून पाळला जात आलेला आहे. त्या वर्षी तो या घटनेनंतर दोनच दिवसांनी येत होता. त्याच वर्षी विरार आणि अहमदनगर येथेही रुग्णालयांना आगी लागल्या. अशा प्रत्येक वेळी पहिल्या तासाभरात एक शब्द ऐकू येतो : शॉर्ट सर्किट. तो शब्द उच्चारला की चौकातली चर्चा थांबते. पूर्वी प्रारब्ध म्हणत, आता शॉर्ट सर्किट म्हणतात, एवढाच काय तो फरक.

वर्गात मी विद्यार्थ्यांना निमित्त आणि कारण यांतला भेद शिकवते. १८५७ च्या उठावाचे कारण काडतुसे, असे कोणी लिहिले तर त्याला निम्मेच गुण मिळतात. काडतूस हे निमित्त. कारणे शोधायची तर शेतसाऱ्यापासून खालसा संस्थानांपर्यंत मागे जावे लागते. आपण तर प्रतीत्यसमुत्पाद मानणाऱ्या परंपरेतले आहोत. कोणतीही गोष्ट आपोआप उद्भवत नाही, ती कारणांच्या साखळीतून येते आणि त्या साखळीतील कडी काढता येते, हा तथागतांच्या शिकवणुकीचा गाभा आपण दर पौर्णिमेला ऐकतो. ही साखळी एखाद्या इमारतीच्या जिन्याखाली, मीटरच्या खोलीत प्रत्यक्ष पाहता येते, हे मात्र मला आपल्या एका माजी विद्यार्थ्याने दाखवले.

तो आता पस्तिशीचा आहे. आयटीआयनंतर त्याने तारतंत्रीचा परवाना काढला, पुढे पर्यवेक्षकाचाही. मागील उन्हाळ्यात बाजारातल्या एका तीन मजली संकुलाच्या तपासणीला तो निघाला असताना ‘मलाही ये म्हण’ असे मी त्याला म्हटले. खाली कापड, मोबाइल आणि मिठाईची दुकाने, पहिल्या मजल्यावर शिकवणी वर्ग आणि दंतवैद्य, वर लॉज, अशी आपल्याकडे असते तशीच ती इमारत. मीटरची खोली जिन्याखाली होती. दार उघडताच आत झाडू, खोक्यांचा ढीग, एक मोडकी सायकल. त्याने मला दारातच थांबवले, नाकाने हवा ओढली आणि म्हणाला, “मॅडम, वास घेऊन पाहा. इथं काही तरी जळून राहिलं.” जळक्या मासळीसारखा तो वास होता. तापलेल्या जुन्या स्विचांच्या आणि फ्यूजच्या आवरणातून तो येतो, असे त्याने सांगितले. धूर नाही, ठिणगी नाही, दिवे व्यवस्थित सुरू. दुकानदार म्हणत होते, सगळे चांगले चालले आहे.

मग त्याने एकेक कडी दाखवली. ही इमारत बांधली तेव्हा प्रत्येक दुकानात दोन पंखे आणि चार ट्यूबलाइट होत्या. तार तेवढ्याच हिशोबाने घातलेली. पुढे कूलर आले, मग फ्रीज, मग वातानुकूलन यंत्रे. तार तीच राहिली. तारेतला प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते, हे त्याने मला ज्या सहजतेने सांगितले त्या सहजतेने मी कधी सनावळ्या सांगितल्या असतील की नाही, शंका आहे. त्यात आपला उन्हाळा. तारेची क्षमता तक्त्यात दिलेली असते ती साधारण चाळीस अंशांच्या हवेसाठी; गोंदियात मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस असते, मग जिन्याखालच्या कोंदट खोलीत किती असेल? चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये नेमून दिलेली बारीक तार वारंवार वितळते म्हणून कोणी तरी तांब्याचा जाड पीळ घालून ठेवला होता. दुकानदाराच्या लेखी त्रास मिटला होता. प्रत्यक्षात पहारेकरी झोपवला गेला होता. ॲल्युमिनियमची केबल पितळी जोडणीत नुसती आवळलेली. उन्हाळ्यात ती फुगते, हिवाळ्यात आक्रसते, आणि दर वर्षी जोड थोडा सैल होतो. सैल जोड तापतो, तापला की अधिक सैल होतो. थिंबल नीट दाबून बसवले आणि वर्षातून एकदा पाना फिरवला तर ही कडी तुटते. त्या कामाला काही मिनिटे लागतात.

अर्थिंगची कथा याहून करुण आहे. मागच्या बोळात अर्थिंगचा खड्डा होता, त्यावर कोणी फरशी बसवून टाकलेली. मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे लागते, ही गोष्ट त्या इमारतीत कोणाला ठाऊकच नव्हती. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे मरतात. लोखंडी पत्रा, आत पाणी, पाण्यात पंप, आणि प्लगची तिसरी पिन सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तोडून टाकलेली. ज्या घरात असे घडते ते घर त्याला अपघात म्हणते. तीस मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी नावाचे एक छोटे उपकरण अशा बहुतेक प्रसंगी माणूस वाचवू शकते. दुकानाच्या पाटीवरील रोषणाईला लोक त्याहून कितीतरी अधिक खर्च करतात, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

त्या दिवशी त्याला सर्वांत अधिक काळजी वाटली ती न्यूट्रलची. बसबारवरील न्यूट्रलचा जोड काळा पडला होता. मी विचारले, एक जोड सुटला तर फार तर दिवे जातील ना? तो म्हणाला, “नाही जी मॅडम. लाइट गेली असती तर बरं झालं असतं.” तीन फेज तीन वाटांनी येतात आणि त्यांचा परतीचा रस्ता एकच, न्यूट्रल. तो तुटला की दोन वेगळ्या फेजवरची दुकाने आपोआप एकमेकांना जोडली जातात आणि २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० व्होल्टची ओढाताण सुरू होते. ज्या फेजवर भार कमी तिच्यावरचा दाब चढतो. एका दुकानातला दिवा मंदावतो, शेजारच्याचा लखलखतो आणि फुटतो.

त्याने टाँग टेस्टरने तिन्ही फेजचा प्रवाह मोजला आणि संध्याकाळी संकुलाच्या दुकानदार समितीला एक पत्र लिहिले. ते मी पाहिले आहे. भाषा साधी, दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलेले. परंतु तारीख होती, वेळ होती, तिन्ही फेजचे आकडे होते : ६२, ३८ आणि २१ अँपिअर. पुढे लिहिले होते की न्यूट्रलचा जोड जळत आहे, भार वाटून द्यावा लागेल, वातानुकूलन यंत्रांना वेगळी तार टाकावी लागेल, आणि जोड बदलण्यासाठी संपूर्ण इमारतीचा पुरवठा चार तास बंद ठेवावा लागेल. शेवटची ओळ अशी : चालू लाईनवर हे काम मी करणार नाही आणि माझ्या माणसांना करू देणार नाही. दुसऱ्या प्रतीवर त्याने समितीच्या सचिवांकडून पोच घेतली होती.

चार तास कोणी देईना. पावसाळा गेला, दिवाळी आली. मिठाईवाल्याचे फ्रीज, मोबाइलवाल्याची सवलतीची विक्री, लॉजवरची लग्नाची मंडळी. पहाटे चार ते आठ करू, असेही त्याने सुचवले, तेही लांबले. अखेर धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दिवे मंद-तेज होऊ लागले तेव्हा समितीने त्याला बोलावून सांगितले की लाईन चालू ठेवूनच उरकून टाक, आत्ता लगेच. तो नाही म्हणाला. त्या एका नकारात त्याचे वर्षाचे काम गेले. दुसरा एक ठेकेदार आला, त्याच्याकडे परवाना नव्हता, आणि त्याने आपल्यासोबतच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला पाना देऊन पॅनलपुढे उभे केले. पाना सरकला. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये क्षणभर जो जाळ उठतो त्याचे तापमान काही हजार अंश असते. मुलगा वाचला. उजव्या हाताची दोन बोटे काढावी लागली.

तो मुलगा नववीपर्यंत आपल्याच शाळेत होता. वडील गेल्यावर त्याला शाळा सोडावी लागली. अक्षर फार सुरेख होते; भिंतीवरचा सुविचार रोज तोच लिहीत असे. दवाखान्यात मी त्याला भेटले तेव्हा पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून तो म्हणाला, “मॅडम, शॉर्ट सर्किट झालं.” तोही तेच म्हणत होता. ज्याचा हात गेला त्याच्याही तोंडी तोच शब्द होता.

नुकसानभरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ पासून आहे. कामावर असताना कामगाराला इजा झाली तर मालकाला भरपाई द्यावी लागते. परंतु त्यासाठी आधी तो कामगार होता हे सिद्ध व्हावे लागते. ठेकेदार म्हणाला, मी याला ओळखत नाही. समिती म्हणाली, तो पाहायला आला होता. हजेरीपट नाही, पावती नाही. मजुरी हातोहात दिली जात असे. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. ज्यांचे कागद उरत नाहीत त्यांचे म्हणणे इतिहासात उरत नाही, हे मी आयुष्यभर शिकवत आले. या प्रकरणात एकच कागद उरला होता : पोच घेतलेले ते पत्र. धोका आधीच कळवला होता, काम कसे करू नये तेही कळवले होते, आणि ते वाचल्याची सही होती. पत्र पुढे आल्यावर ठेकेदाराने दवाखान्याचा खर्च भरला. भरपाईचे प्रकरण अजून चालू आहे. परवानाधारक ठेकेदाराखेरीज इतरांकडून असे काम करवून घेऊ नये, हा नियम किमान १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून लिहिलेला आहे. नियम आहेच. तो कोणाच्या तोंडून ऐकला जातो, एवढाच प्रश्न आहे.

आणि या ठिकाणी मला बाबासाहेबांविषयी लिहावेसे वाटते. आपल्या भागातील वडीलधारी माणसे बाबासाहेबांची आठवण सांगत ती १९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीची. संविधानाचे शिल्पकार तर मुलामुलाला पाठ आहेत. परंतु १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता, हे आपल्या भाषणांतून फारसे येत नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न दारिद्र्याच्या प्रश्नाशी जोडला : स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर उद्योग नाहीत, आणि उद्योग नसतील तर जमिनीवरचा बोजा हटणार नाही. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. १९४८ चा वीजपुरवठा कायदा याच विचारप्रवाहातून आला. त्याही आधी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य मुलांना तांत्रिक शिक्षण मिळावे, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून घ्यावे, अशी मागणी केली होती. विलायतेच्या पदव्या घेतलेला हा माणूस आपल्या मुलांसाठी कारखान्याचे दार ठोठावत होता. आणि आपण? मुलगा आयटीआयला गेला की पालक मान खाली घालून सांगतात, जणू त्याचे शिक्षण तिथे संपले. वस्तुतः वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पाहावा. त्यातले गणित अनेक पदवीधरांना जड जाईल.

वीज गावात आली तेव्हा तिच्यासाठी कोणताही बलुतेदार नेमलेला नव्हता. चामड्याला, लोखंडाला, लाकडाला जात होती, तारेला नव्हती. हे ज्ञान पुस्तकातून आणि परीक्षेतून मिळणार होते, जन्मातून नव्हे, म्हणून आमच्या आधीच्या पिढीतील कितीतरी मुले या व्यवसायात हिरिरीने शिरली. पुढे जुनी रीत तेथेही हळूच आली, हे मात्र खरे. इमारतीचे उद्घाटन करणारा मंचावर असतो, ती सांभाळणारा जिन्याखाली. एंजिनिअरने सांगितलेले ‘तांत्रिक मत’ ठरते, वायरमनने सांगितलेली ‘कटकट’. आपल्या तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. तेथे तयार झालेली वीज शेकडो मैल सुखरूप जाते आणि अखेरच्या शंभर फुटांत, एखाद्या दुकानाच्या जिन्याखाली, माणूस मारते. त्या शंभर फुटांवर उभ्या असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार हवा, आणि तो अधिकार त्याच्याजवळ आहे हे इतरांनी मान्य करायला हवे.

मागील दिवाळीपासून तो महिन्यातल्या एका रविवारी आपल्या वसतिगृहात येतो. आठवी ते दहावीच्या मुला-मुलींना मीटर वाचायला, मेन स्विच बंद करायला, जळका वास ओळखायला शिकवतो. प्रत्यक्ष काम त्यांना करू देत नाही. फक्त पाहणे आणि लिहिणे. कार्यालयात एक नोंदवही ठेवली आहे. तारीख, वेळ, कोणी पाहिले, काय आढळले, कोणाला कळवले, पोच. शेवटच्या रकान्यावर त्याचा कटाक्ष असतो. नववीतल्या एका मुलीने त्याला विचारले, “सर, फ्यूज वितळतो म्हणजे तो बिघडतो की आपलं काम करतो?” काम करतो, तो म्हणाला. तिने पुन्हा विचारले, “मग लोक त्याच्यावर का चिडतात?” यावर तो हसला आणि माझ्याकडे पाहिले. तो दोन बोटे गमावलेला मुलगाही अधूनमधून त्याच्याबरोबर येतो. डाव्या हाताने लिहायला शिकला आहे. नोंदवहीतील अलीकडची पाने त्याच्याच अक्षरात आहेत. पूर्वीइतके सुरेख नाही, पण वाचता येते.

समारंभाच्या मंडपाची वीजव्यवस्था या दोघांकडे दिली आहे. मंडपासाठी वेगळे आरसीसीबी, जनित्र आणि मुख्य पुरवठा यांच्यामध्ये चेंजओव्हर, स्वयंपाकघरापासून दूर केबल, आणि ध्वनिक्षेपकवाल्याने परस्पर कोठेही तार जोडू नये, अशा त्यांच्या लेखी अटी आहेत. संस्थेच्या सचिवांनी पोच दिली आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला त्यांना भेटायचे असेल तर मंचावर शोधू नये. मंडपाच्या उजव्या अंगाला, जनित्राजवळ, वाळूच्या बादल्या ठेवल्या आहेत तेथे ते दोघे दिवसभर असतील.